आठ किलोंचा नियम

मापाडीकाकांना माणूस दिसायच्या आधी त्याचं वजन दिसे. अहमदपूरच्या मोंढ्यात त्यांनी चाळीस वर्षं धान्य तोललं. समोरून कुणी आलं की नमस्काराच्या आधी आकडा तोंडातून बाहेर पडे. "या गुरुजी, बासष्ट! मागच्या महिन्यात चौसष्ट व्हते. घरी भांडण झालं का?" आणि अंदाज किलोभराच्या वर चुकत नसे. ते गेले त्याला आता वर्ष होईल. गावात त्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात. मी हे लिहायला बसताना मात्र माझ्या वहीचं शेवटचं पान उघडून समोर ठेवलं आहे. मापाडीकाकांनी मला काय काय केलं, याची यादी मी त्या पानावर वीस वर्षं ठेवली होती.

आधी त्यांचा मोठेपणा सांगून टाकते, म्हणजे नंतर मध्ये येणार नाही. मोंढ्यात त्यांनी उभ्या जन्मात खोटं वजन पुकारलं नाही. एकदा त्यांच्या सख्ख्या जावयाची तूर काट्यावर आली. शेवटचं पोतं अर्धा किलो कमी भरलं. जावई जवळ येऊन म्हणाला, "मामा, पुरं म्हणा की, कोण बघून राहिलं?" काकांनी कानावरची लाल पेन्सिल काढली, पोत्यावर खरा आकडा लिहिला आणि आख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल असा पुकारला. लेक दोन सण माहेरी आली नाही. काका म्हणाले, "काटा कुणाचा मामा न्हाई."

अशा माणसाला डोंगराचं वेड लागलं ते एका आडत्यामुळे. राजमा बघायला म्हणून तो काकांना हिमाचलात घेऊन गेला. राजम्याचा सौदा झाला नाही, पण काका तिथल्या राष्ट्रीय उद्यानात एक दिवस तंबूत राहून आले. आल्यावर त्यांनी मोंढ्यातले, शाळेतले, मेडिकलवाले असे लोक जमवले आणि दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात त्यांना तिकडे न्यायला सुरुवात केली. नियम एकच. रस्ता संपतो तिथून तंबूच्या मैदानापर्यंत चार तासांची चढण आहे, खेचर-बिचर काही नाही, म्हणून प्रत्येकाची बॅग आठ किलो. "आठावर छटाकभर न्हाई. वर देव भेटला तरी तो उचलू लागणार न्हाई." माणसं मोजतानाही ते मोंढ्याच्या रीतीनं मोजत. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं करत चौदा.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची, शाळेत शिक्षिका म्हणून नवी होते. घरून परवानगी मिळवायला तीन महिने लागले. मला याद्या करायची सवय आहे. काय न्यायचं, का न्यायचं, कुठल्या कप्प्यात ठेवायचं, सगळं एका जाड वहीत लिहिलं होतं. नांदेड स्टेशनवर काकांनी खांबाला स्प्रिंगचा काटा टांगला आणि एकेक बॅग अडकवायला घेतली. माझ्या बॅगेला काटा दहावर गेला. काकांनी विचारलं नाही, सवरलं नाही, फलाटावर सगळ्यांसमोर चेन उघडली. नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं काढलं, तंबूच्या सहा जास्तीच्या लोखंडी खुंट्या काढल्या आणि शेवटी वही वर धरली. "मॅडम, हे काय हाय?"

"यादी आहे."

"कागदानं थंडी वाजायची थांबती का? वाटाण्याएवढ्या पोरीला खंडीभर काळजी!"

लोक हसले. मला पोहोचवायला आलेल्या भावाच्या हातात काकांनी ते गाठोडं दिलं. भाऊही हसत होता.

वर तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. भुसभुशीत मातीत खुंट्या धरेनात, दोन तंबू लोळले. बांधायला दोरी नाही. शेवटी माझी ओढणी उभी फाडून तिच्या पट्ट्यांनी तंबू देवदाराला बांधले. आणि काका मला काय म्हणाले? म्हणाले, "दोरी आणायची व्हती तर बोलायचं की, मॅडम!"

हे वाक्य यादीत तिसरं आहे. दुसरी ओढणी. पहिलं, म्हणजे सगळ्यात जास्त लागलेलं, त्यांनी मला नंतर चिकटवलेलं नाव. परत आल्यावर त्यांनी मोंढ्यात गोष्ट रंगवून सांगितली आणि मी 'दहा किलो मॅडम' झाले. पोरांनी फळ्यावर लिहिलं. माझ्या लग्नात देवणीहून आलेल्या सासऱ्यांनी मांडवात विचारलं, "हे दहा किलो म्हणजे काय भानगड आहे?" सांगायला काका पुढे होतेच, हातात जिलबी घेऊन. यादी वाढत नवावर गेली.

नंतर मी आणखी पाच वेळा त्यांच्याबरोबर गेले. का गेले म्हणाल तर डोंगर चांगला आहे म्हणून. आणि शत्रूवर नजर ठेवायची तर तो जवळ असावा म्हणून. पुढच्या कॅम्पांत दोरी कधी कमी पडली नाही. ती मेडिकलवाले आणत असतील, असं मी धरून चालले होते. एक गोष्ट मात्र मी दुसऱ्या कॅम्पापासूनच टिपली होती. काकांची स्वतःची बॅग काट्यावर बरोबर आठ भरायची, पण त्यांचा खाकी कोट उन्हातही अंगावरून उतरत नसे, आणि चालताना त्याचे खिसे मांडीवर धपधप आपटत.

गेल्या वर्षी काकांचे डोळे अधू झाले आणि बुकिंग सगळं मोबाईलवर आलं. तेव्हा कॅम्पची यादी माझ्या हातात आली. वनखात्याची परवानगी, मैदानावरच्या सात तंबूंची जागा, ओळखपत्रं, शेगडी कुणी न्यायची, कचरा खाली कुणी आणायचा, सगळं मी तीन पानांत बसवलं. साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांचा दाखला लागणार होता. काकांनी सत्तरी ओलांडलेली. नाव त्यांनीच पहिलं दिलं होतं, पण दाखला मागितला की "देतो, देतो, लातूरला जाऊन आलोय" एवढंच. म्हणत, "मॅडम, यंदा एकदा ते मैदान दाखवा. मग मी न्हाई येत."

निघायच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांना बॅगा घेऊन मोंढ्यात बोलावलं. मुद्दाम मोंढ्यात. त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच हमालांसमोर. किशन हमाल आकडे वाचायला होता. काकांची बॅग आठ भरली. ते मिशीत हसले.

मी म्हटलं, "काका, आता कोट घालून काट्यावर उभे राहा."

"कामून?"

"मग कोट काढून."

"कोट काय सामान हाय का, मॅडम?"

"माझी ओढणी तरी कुठे सामान होती?"

हमाल हसायला लागले. काका कोटासकट चढले, मग कोट काढून चढले. किशननं फरक पुकारला, "सव्वातीन!" मागून कुणीतरी ओरडलं, "या, सव्वातीन काका!" आणि मोंढा खदखदून हसला. खोटं कशाला लिहू? वीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मी रिकामं पोतं अंथरलं आणि कोटाचे खिसे त्यावर रिकामे केले. गूळ, शेंगदाणे, बॅटरी, चाकू. मग नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं. मग लोखंडी खुंट्या. मोजल्या, सहा होत्या. दोरी जुनी होती, गाठींच्या जागी पांढरी पडलेली. मी काकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते.

शेवटी आतल्या खिशातून घडी घातलेला कागद निघाला. लातूरच्या डॉक्टरांचा होता. छाती तपासली आहे, उंचावर जाऊ नये, असं त्यात साफ लिहिलं होतं.

काका जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तेवढा कडता धरा."

माती-कचऱ्यापोटी पोत्यामागे जे वजन सोडून देतात, तो कडता. मला ती दोरी दिसत होती, खुंट्या दिसत होत्या. तरी मी म्हटलं, "कडता पोत्याला धरतात, काका. माणसाला नाही." आणि त्यांच्याच कानावरची लाल पेन्सिल मागितली. त्यांनी ती काढून दिली. मी कॅम्पच्या यादीतल्या त्यांच्या नावावर रेघ मारली, अगदी त्यांच्यासारखी, एका झटक्यात, सगळ्यांसमोर.

पुढे दिवाळीच्या आधी काका घरच्या घरी, दुपारी जेवून पडले असताना गेले. काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही नाव कापलं म्हणून माझ्या डोळ्यांसमोर गेले, न्हाईतर तिकडं कुठं डोंगरात..." गावही तेच म्हणतं. म्हणून इथे स्वच्छ लिहून ठेवते. दाखला नसता तरी मी काहीतरी शोधून काढलं असतं. मी त्यांच्या जिवासाठी रेघ मारली नाही. मी सूड घेतला.

आणि तेवढ्यानं माझं भागलंही नव्हतं. निघायच्या दिवशी काका एस.टी.नं नांदेडला आले, काटा घेऊन. येतील हे मला माहीत होतं. मी आदल्या दिवशी बॅग तशीच भरली होती, वीस वर्षांपूर्वीची सामानाची यादी समोर ठेवून. नवी दोरी, सहा खुंट्या, जाड वही. घरी दोनदा तोलली, बरोबर दहा. त्यांनी फलाटावर दहा पुकारायचं आणि मी सगळ्यांसमोर म्हणायचं, "काका, आता नियम माझा आहे." वाक्य पाठ केलं होतं.

त्यांनी त्याच खांबाला काटा टांगला. लाभ, दोन, तीन करत माझ्यापर्यंत आले. कोट अंगावर होता, पण खिसे सपाट होते. त्यांनी माझी बॅग हातात जोखून काट्याच्या हुकाला अडकवली. काटा दहावर जाऊन थांबला, मलाही दिसला. काका डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाक्य तोंडात तयार ठेवलं.

"आठ," काकांनी पुकारलं. मोठ्यानं, मोंढ्यात पुकारत तसं.

मेडिकलवाल्यांनी "आठ" लिहून घेतलं. 

"उचला मॅडम, गाडी लागून राहिली," ते म्हणाले आणि पुढची बॅग ओढली. मी पट्टा खांद्यावर घेतला. कागदावर आठ होते. चढणीवर चारही तास खांद्याला दहा कळत होते.