समोरच्या बाकावरचा खेळाडू

मी मूळची पुण्याची, फिजिओथेरपिस्ट. दुबईत आल्यावर एका हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि कंबरा सांभाळत होते. मग आखातातल्या शेजारी देशांनी मिळून आइस हॉकीची व्यावसायिक लीग सुरू केली आणि इथल्या संघाला फिजिओ हवी होती. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "वाळवंटात बर्फावर कोण खेळतंय? नीट चौकशी कर."

खेळणारे होते. थोडे इथले, बाकीचे थंड देशांतून आणलेले. एका आठवड्यात सामना आमच्याकडे, पुढच्या आठवड्यात विमानाने शेजारच्या देशात. बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या हँडलचा चटका बसायचा आणि आत मी स्वेटर, कानटोपी घालून बाकाशी उभी.

आमच्या बचावफळीत एक उंच, सोनेरी दाढीचा खेळाडू होता. मी डॉक्टर नाही हे कितीदा सांगितलं, तरी मला 'डॉक्टर'च म्हणायचा. माझ्या डब्यातलं थालीपीठ न विचारता तोडून घ्यायचा. त्याची बायको मायदेशी होती, दिवस भरत आलेले.

मोसमाच्या शेवटी, उपांत्य सामन्यात, समोरच्याने त्याला कडेच्या भिंतीवर असं आदळलं की वरची काच थरथरली. तो उठला, हसला, बाकावर येऊन बसला.

"आपण कुठल्या शहरात आहोत?" मी विचारलं.

त्याने मागच्या आठवड्यातल्या शहराचं नाव सांगितलं.

"एवढंच ना?" आमचा मॅनेजर म्हणाला. "हबीबी, दर आठवड्याला विमान. सकाळी उठल्यावर मलाही आठवावं लागतं."

मी त्या खेळाडूला खेळातून काढून ड्रेसिंग रूममध्ये पाठवलं. आम्ही जिंकलो आणि अंतिम सामना तोंडावर आला. डोक्याला मार लागला असेल, तर फिजिओने हो म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणाला उतरवत नसत. रोज मी त्याला तपासत होते. डोकं दुखत नाही, म्हणायचा. पण दिव्यांकडे बघताना डोळे बारीक करायचा आणि बोलता बोलता मध्येच थांबायचा.

"डॉक्टर, मोठ्या लीगची माणसं येणार आहेत. मला बघायला."

"माहीत आहे मला."

"मग हो म्हण. डोकं माझं आहे."

माझा नवरा फुजैराच्या बंदरात नोकरीला, शनिवार-रविवारी घरी येतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्याला खेळायचंय, मॅनेजरला चालतंय. तूच कशाला अंगावर घेतेस?" मला राग आला, कारण माझ्याही मनात तेच येत होतं.

मी नाही म्हटलं. आम्ही हरलो. सामान भरताना त्याने सगळ्यांसमोर मला म्हटलं, "तू माझा खेळ संपवलास." मॅनेजरने "खलास, यल्ला" म्हणत सगळ्यांना बसकडे पिटाळलं. पूर्ण उन्हाळाभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तो खरंच ठीक असता तर? हे मला कधीच कळणार नव्हतं.

पुढच्या मोसमात तो परत आला, शेजारच्या देशाच्या संघातून. आमच्याच रिंकवर सामना. मी हात वर केला; त्याने पाहिलं आणि मान वळवली. दुसऱ्या सत्रात तो आणि आमचा एक खेळाडू एकमेकांवर धडकले आणि तो बर्फावर आडवा झाला. उठायला वेळ लागला. त्यांच्या बाकावर त्याला पाणी दिलं आणि थोड्या वेळाने पुन्हा आत सोडलं.

मी मध्यंतरात त्यांच्या फिजिओकडे धावले. "त्याला मागच्या वर्षीही लागलंय. आता उतरवू नका."

"आमचा खेळाडू आम्ही बघतो," तो म्हणाला. आमचा मॅनेजर मला हाताला धरून मागे घेऊन आला.

तो शेवटपर्यंत खेळला. त्यांचा संघ जिंकला. लोक निघून गेल्यावर तो मला दोन्ही ड्रेसिंग रूममधल्या बोळात दिसला. बाकड्यावर बसून बुटाच्या नाड्यांशी झटापट करत होता. एक टोक धरायचा, बघायचा, सोडायचा. मी पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि नाड्या सोडवल्या.

"थँक यू, मॅडम," तो अगदी अदबीने म्हणाला. "आमची बस कुठून सुटते?"

त्याने मला ओळखलं नव्हतं.

मी आरडाओरडा केला तेव्हा त्यांचा फिजिओ आला, एकदा त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. ॲम्ब्युलन्समध्ये आम्ही दोघंही बसलो. वाटेत तो फिजिओ एवढंच बोलला, "तो मला म्हणाला होता, काही झालेलं नाही."

आठवडाभराने त्याची बायको लहान मुलीला कडेवर घेऊन आली आणि त्याला घरी घेऊन गेली. तो आता खेळत नाही, एवढंच कळलं. तिने विमानतळावरून मला फोन केला. मला वाटलं, आभार मानेल.

"मागच्या वर्षी तुम्ही त्याला थांबवलं," ती म्हणाली. "मग या वर्षी का नाही थांबवलं?"

तो आमच्या संघात नव्हता, हे मी तिला सांगितलं. तिने फोन ठेवला.