शाहिरांच्या मागचा कोरस

आमच्या शाहिरांच्या मागं कोरस देणाऱ्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. पोलिसाची गाडी दिसली की सगळ्यात आधी बंद पडणारा आवाजबी माझाच.

गायरानाच्या मोर्चात शाहीर गाऊन राहिले होते. गाडी आली, अन् मी स्टेजवरून उडी मारून बाजूच्या तुरीच्या शेतात आडवा झालो; माझ्यामागं बाकीचा कोरसबी पांगला. तिथून समदं ऐकू येत होतं. शाहिरांनी ओळ म्हणली, कोरससाठी थांबले, मंग कोरसबी सोताच म्हणला. त्यांला धरून नेलं. सुटून आल्यावर उलट मलाच चहा पाजला.

शाहीर वारले. औंदा शहरातून गिटारवाली पोरं आली. त्यांच्या रॉक बँडनं शाहिरांवर गाणं बांधलं होतं. पोरांनी इचारलं, "त्यांच्यासोबत गाणारं कुणी आहे का?" मी हात वर केला. माईकवर असा वरडलो की पोरं म्हणली, "काका, जरा मागे सरका." मागं सरकायची मला सवयच.

गाणं मोबाईलवर आलं, तसा ऐटीत शाहिरांच्या बायकोला ऐकवायला गेलो. वहिनीनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज चांगला निघाला, भाऊजी," ती म्हणली. "त्या दिवशी काहून न्हाई निघाला?"