तेरा वर्सं वल्हं मारलं, मग भ्यालो

कोगनोळीच्या स्टॉपवर येष्टी आली तरी आप्पा माझी बॅग सोडंनात, कंडक्टर वरडायलाय, मी दारात उभारलोय, आन आई मागनं म्हणतीया, "पाण्याच्या कडंला जाऊ नगं गं बाई." होड्यांच्या शर्यतीला निघालेल्या पोरीला! आप्पा हसले आन बॅग सुटली. मी चौदा वर्साची, नववी झालती. दहावीचं पुस्तक बॅगेत हुतं, ते आजून कोरंच हाय.

आप्पा दूधगंगेवर नाव चालवायचे, माणसं पल्याडच्या शेताला न्यायचे. मी बी वल्हं मारायचो. शाळेच्या खेळात एका सरांनी माझं हात टेपनं मोजलं, लई लांब हायत म्हटलं आन भोपाळच्या तळ्यावर पाठवलं. एवढंच झालं. मला कुणी इचारलं न्हाई, आन मी बी न्हाई म्हटलं न्हाई.

पयल्याच दिवशी घोळ केला. आमच्यात नावंला हात लावून पाया पडायचं, मग उजवा पाय मधोमध टेकवून सगळा भार टाकायचा, मगच आत जायाचं. मी तसंच केलं. ती शर्यतीची बोट अंड्याच्या टरफलावानी, तळाला पाय लावायचाच नसतोय, हे मला काय ठाऊक? पाय आरपार खाली, पाणी वर. पोरी हसून हसून लोळल्या. कोच मॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे निपाणी, ये तेरे गाँव की नाव नहीं है!" निपाणी आमचा तालुका, तवापासनं माझं नाव तेच पडलं.

मग तेरा वर्सं. पाचला तळं, मग वल्हं मारायचं मशीन, मग खिचडी, मग झोप, परत तळं. एकटीची बोट, दोघींची बोट, चौघींची बोट. एकदा बरगडीला चीर गेली, तळहाताची कातडी किती वेळा सोलली ते सांगता यायचं न्हाई. मेडलं मिळाली, मेडलांवर सरकारी नोकरी मिळाली, हजेरी ऑफिसात आन काम बोटीत. लग्न झालं, मालक उचगावचे, फिटर हायत, माझ्या नोकरीमागं तेच भोपाळला आले. आई गावभर सांगत्या, "आमचा जावईच नांदाय गेलाय." गावाकडनं आईचा फोन यायचा, त्यात दोनच सवाल, जेवलीस का, आन पाण्यात पडली न्हाईस न्हवं. मी म्हणायचो जेवलो, न्हाई पडलो. तेरा वर्सं घर म्हंजे तेवढंच. रडू कवा आलं न्हाई.

पयलं बाळंतपण माहेरात झालं, लेक झाली. सव्वा महिन्यानं तिला घिऊन नदीवर गेलो. साती आसरा म्हंजे पाण्यातल्या सात देवी, त्यांना हिरव्या बांगड्या आन दहीभात ठेवायचा आमच्यात रिवाज हाय. पाणी घोट्याएवढं. आन माझा पाय उचलंना. लटलट कापायला लागला, दम लागला, डोस्क्यात एकच, मी बुडलो तर हिला पाजणार कोण. ह्याच नदीत मी पोहाय शिकलो बगा. आई म्हणाली, "आसरांचं काय तर चुकलं असंल," आन माझ्यावरनं भाकरी उतरून टाकली.

लेक सात महिन्यांची झाली आन भोपाळला टीमची ट्रायल लागली. सात जणी, त्यातल्या चार घेणार. मागं पडलो तर कायमचं ऑफिसात बसायचं. तिथं मला एक दिस बसवलं हुतं. साहेबांनी कागद दिला, मी तो तासभर बघत बसलो, शेवटी त्यांनी मला चहा सांगाय पाठवलं. म्हंजे हिकडं पाण्याचं भ्या, तिकडं कागदाचं. हे मी कुणालाच सांगिटलं न्हाई, मालकांना बी न्हाई.

लेकीला बघायला आई भोपाळला आलती, पयल्यांदाच. ट्रायलच्या सकाळी तिनं काठावर पिशवीतनं बांगड्या काढल्या, दहीभात काढला.

मी म्हटलं, "आई, हितल्या आसरांना मराठी येत न्हाई."

"दहीभात समद्यांना कळतोय," आई म्हणाली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "नदीवर तुझं पाय बघिटलं मी. आसरांचं काय न्हवतं. तू अंगावर पीत हुतीस तवा आप्पा रोज पुरात नाव घालायचे. मी बी अशीच कापायचो."

"मग काय केलंस?"

"काय करणार? चूल पेटवायचो. हात कापायचे आन भाकरी व्हायची. जा, बस."

बसलो. भ्या गेलं न्हाई, माझ्याबरोबरच बोटीत बसलं. दोन हजार मीटरातलं हजार झालं आन छातीतनं दूध आलं, कपडा भिजला, मी वल्हं मारतच ऱ्हायलो. काठाला लागलो ते बोट सोडून पळालो. निकाल ऐकायला कुणी थांबलं? लेकीला छातीशी धरलं, पाठ फिरवून बसलो. मॅडम पाठीमागनंच म्हणाल्या, "निपाणी, तीसरी है तू. टीम में है."

आईला हिंदी येत न्हाई. "काय म्हणती गं ती?"

"घेतलं म्हणती."

"घिऊ दे. आदी तिला पुरतं पाज."

तुमी गावाकडची सगळी फोनवर इचारतायसा, घरला कवा येतीस. आन माझ्यासारख्या लांब गेलेल्या पोरी हायत, त्यांना बी हेच इचारत असतील. मला आदी त्याचं उत्तर यायचं न्हाई. आता आई गावाला परत गेली, साडेसातला माझी बोट काठाला लागती तवा मालक कामावर जायच्या आदी लेकीला घिऊन तिथं उभारत्यात, आन मी पाण्यात रोज भितो आन रोज वल्हं मारतो. घरला कवा येतीस म्हटलं तर सांगतो, रोज साडेसातला.