वाटे घालणारा शेवटी उचलतो

मंडळी, आज गावच्या शिष्यवृत्ती समितीवर माझी निवड झाली. पेढे घेऊन माहीमला आत्याकडे गेलो.

सगळ्यांना वाटून उरलेला पेढा तोंडात टाकत ती म्हणाली, "तुजी पोर पन यंदा अर्ज करनार ना?"

मग साठच्या दशकातली स्वतःची गोष्ट सांगितली. शिष्यवृत्ती एकच, मुली दोन, गुण सारखे. ठरवणारे माझे आजोबा, होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान. त्यांनी ती शेजारच्या मुलीला दिली. म्हणाले, "होडीवर म्हावऱ्याचे वाटे घालनारा आपला वाटा शेवटी उचलतो."

"राग नाही आला?"

"आला तर! वर्सभर बापाशी बोलले नाय. पन त्याच्या वाटनीवर गावात कोन कदी भांडला नाय."

आता लेकीला सांगायचंय. ती किती दिवस अबोला धरेल, तुमचा अंदाज काय?