रेणुकाच्या फाईलमधल्या सहा भेटी

आमच्या कामातले किस्से फाईलमध्ये मावत नाहीत. दुपारी डबे उघडले की ते बाहेर पडतात. हे सगळे एकाच फाईलचे. रेणुका, अकरा वर्षांची, बोम्मसंद्र्यात राहणारी, शाळेतून गळालेली. तिला कुणाच्या घरी कामाला तर लावलं नाही ना, हाच आमचा घोर.

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जयनगरच्या ऑफिसात आम्ही चौघी, घरोघर भेटी देणाऱ्या. त्यात शालिनीअक्का सगळ्यांत सीनियर, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूच्या. एके दिवशी फोनमध्ये एआयचं अ‍ॅप आलं. बोलायचं, रिपोर्ट तयार! अक्कांनी फोन समोर धरला आणि विचारलं, "कॉफी झाली का?" अ‍ॅप म्हणालं, "कृपया भेटीचा उद्देश सांगा."

"स्वल्प थांब रे! आल्या आल्या उद्देश काय विचारतोस?"

*

रेणुकाच्या आईला, यल्लव्वाला, अक्का अ‍ॅप चालू ठेवून भेटून आल्या. ती निपाणीकडची, मराठीच बोलते. रिपोर्टात आलं, "पहिली वीस मिनिटं महत्त्वाचा मजकूर नाही."

अक्का भडकल्या. "अगं, अवरेकाईच्या शेंगा सोलत होतो आम्ही! हात कामात असले की बाई बोलते. याला कोण सांगणार?"

आम्ही पोट धरून हसलो. पण त्या दिवशीही पोर काही भेटली नव्हती.

*

मग मी फाईल बंद करायला घेतली. आई गोड बोलते, घर नीटनेटकं, अजून काय हवं? शेवटचा रिपोर्ट लिहायचा कंटाळा, म्हणून अ‍ॅपला म्हटलं, सगळ्या भेटींचा सारांश दे.

त्यानं दिला. "एकूण सहा भेटी. मुलगी एकाही भेटीत दिसलेली नाही. सहाही वेळा नोंदवलेलं कारण एकच: मावशीकडे गेली आहे."

आम्ही चौघी आलटून पालटून गेलो होतो. प्रत्येकीला वाटलं, आपल्याच वेळी नेमकी गेलीय! कुणी कुणाची नोंद वाचलीच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी चपला घातल्या.

*

यल्लव्वा दारातच भेटली. अक्कांनी तिचा हात धरला. "हे बघ, मी रागवायला नाही आले. रेणुकाच्या मावशीचा पत्ता दे. आत्ता जाते, पोरीला डोळ्यांनी बघते आणि येते."

यल्लव्वा मटकन उंबऱ्यावर बसली.

"अक्का, मला भण न्हाई. आईबापाला मी एकलीच."