वऱ्हाडी कापसाची रजई आणि हिमालयाची तालीम

अकोल्याच्या सभेत मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "वऱ्हाडच्या मुलींनी बर्फ काय फक्त सरबतातच पाहावा? हिमालय त्यांचाही आहे!" टाळ्या कडाडल्या. त्या थांबल्यावर जठारपेठेतली तरुण शिक्षिका सुलोचना उठली. "ताई, मंग निघाचं कधी?"

आता मागे कशी फिरू? पुढच्या उन्हाळी सुट्टीत दोघींनी बर्फापर्यंत जायचं, असं तिथेच ठरलं. पण सुलोचनाचे बाबा श्यामराव टपाल खात्यातले, मोजून बोलणारे. त्यांनी अट घातली. "आधी चिखलदऱ्याले उघड्यावर रात्र काढा. पोरगी धड राह्यली त हिमालय, नाही त घर. मी येतो पाहाले."

अमरावतीला, राजापेठेत, मी सरावासाठी पाठीवर ज्वारीची पिशवी बांधून बिऱ्हाडाचा जिना चढू-उतरू लागले. शेजारीण म्हणाली, "अवो बाई, दळण वर काहून नेऊन राहिल्या? चक्की त खाली हाये!"

पांघरुणावरून मात्र वाद झाला. सुलोचनाला धनगरी घोंगडी हवी होती. मी कडाडले, "कापसाच्या मुलखातल्या माणसांनी उबेसाठी मेंढीच्या दारात जायचं? कधीच नाही!" पिंजाऱ्याकडून दोन गुबगुबीत रजया भरून घेतल्या. सुलोचनाने लगेच मान डोलावली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

श्रावणात निघालो. अमरावतीहून पहाटेची एस.टी., परतवाड्याला भजी, घाटाच्या पायथ्याला उतरून पुढे पायी. जाणाऱ्यांनी भाकरी-ठेचा सोबत ठेवावा. वाटेत धबधबे पुष्कळ, खायला काही नाही. मी रजईखाली वाकून चालत होते आणि श्यामराव छत्री टेकत मजेत पुढे. "बाई, भाषण द्या ना, चढ कमी वाटन!" पण दम होता कुणाला?

वर पोचलो तर धुकं इतकं, की हात पुढे केला तर बोटं दिसेनात. तलावाकाठी ताडपत्री बांधून तिच्या आडोशाला झोपलो.

सकाळी मी शिंकतच उठले. ताडपत्रीतून थेंबही गळला नव्हता, पण धुकं बाजूने शिरलं होतं आणि माझ्या रजईने ते रात्रभर प्यायलं होतं. शेजारी सुलोचना काळ्या घोंगडीतून बाहेर आली, कोरडी ठणठणीत.

"ही कुठून आणलीस?"

"रजईच्या वळकटीत होती, ताई. तुम्ही देल्ली रजई खाली टाकली, घोंगडी वरतून घेतली. तुमचा शब्दबी राह्यला, मीबी कोरडी राह्यली."

श्यामराव पोट धरून हसत होते. "बाई, तुमचं भाषण भल्लं पाणी पेते!" मग त्यांनीच रजईचं एक टोक धरलं आणि आम्ही दोघांनी ती पिळली.

परतवाड्याच्या स्टँडवर, चहा पिताना, त्यांनी निकाल दिला. "पोरगी जाईन. तिच्यात अक्कल हाये. तुमचं मात्र काई खरं दिसत नाही. पुन्हा एक डाव रात्र काढून दाखवा. तुमच्याबिगर तिले सोडत नाही मी."

रजई अजून राजापेठेच्या गच्चीवर वाळते आहे. मोर्शीकडच्या एका धनगराला घोंगडी सांगून ठेवली आहे. बर्फ आपलाही आहे, हे मी पुढच्या सभेतही तितक्याच जोरात सांगणार. फक्त काय पांघरायचं, ते सुलोचना सांगेल. तिची परीक्षा झाली. माझी येत्या रविवारी, पुन्हा चिखलदऱ्यात. आणि परीक्षक छत्री घेऊन येणार आहेत.