तीन संध्याकाळींचा परिचय

माझ्या ताईला एका माणसाने तीन संध्याकाळी तलावाच्या पाळीवर फिरवले आणि महिन्याच्या आत तिला छापून टाकले. हे वाक्य मी कितीदाही लिहिले तरी राग तेवढाच येतो, म्हणून ते आधीच लिहून मोकळी होते.

आमचे गाव आमगावपासून कोसभर आत. बाबांची धानाची शेती. गोंदियाच्या बाजारातून ते मीठ, गूळ आणि पत्रके घेऊन येत. दारूबंदीची, स्वदेशीची, हुंड्याविरुद्धची, स्त्रीधर्माची. कोणी वाटत असेल ती घ्यायची आणि घरी आणून मला वाचायला लावायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पत्रके सुटली नाहीत. मला ती आवडत, कारण तळाशी लिहिणाऱ्याचे नाव आणि गाव असे. पटले नाही तर त्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येत होते.

तो माणूस नागपूरचा, आमच्याच जातीतला, एका साप्ताहिकात लिहिणारा. ताईसाठी बाबांनी त्याच्याकडे शब्द टाकला, तेव्हा त्याचे लांबलचक पत्र आले. मुलीला पाटावर बसवून पाहण्याची चाल त्याला रानटी वाटत होती. सुपारी फुटण्यापूर्वी वधूवरांचा परिचय व्हावा, दोघांनी मोकळेपणी फिरावे, बोलावे. आणि हुंडा तो एक पैही घेणार नव्हता.

शेवटच्या वाक्याने बाबांना जिंकले. हुंड्याविरुद्ध एवढे वाचलेल्या माणसाला, हुंडा नको म्हणणारा वाईट असू शकतो हे सुचणारच नव्हते. आत्या मात्र चुलीपाशी करवादली, "बैलाचे दात पाहाले मानूस एक डाव येते. ह्याले दिवसाचे दिवस कायले लागते?"

"तू गप राय. शिकलेला मानूस हाय."

"शिकला तं मायले संगं काऊन नाही आणून राहिला?"

बाबांनी फक्त एवढी अट घातली की मी वीस पावले मागे चालेन. म्हणून त्या तीन संध्याकाळी काय बोलणे झाले ते मला ठाऊक आहे. त्या पाळीच्या बांधावर संध्याकाळी वारा समोरून येतो आणि पुढच्याचे बोलणे मागच्याला स्वच्छ ऐकू येते.

पहिल्या दिवशी तोच बोलला. नागपूरची नाटके, बायकांचे क्लब, नवराबायकोने मित्रांसारखे राहणे. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, तू काय वाचतेस? ताई म्हणाली, "बाबाची पत्रकं. अन् तुमचं साप्ताहिकपन." तो खूश झाला. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "तुमी लोकाइबद्दल लिहिता, तं आधी त्याइले इचारता का?"

तो हसला. "बातमी कोणी विचारून लिहितं का?"

"मंग लिहिल्यावर त्या मानसाचं काय होते, ते कोन पाहाते?"

आता तो हसला नाही. त्याने खिशातले घड्याळ काढले आणि गाडीची वेळ झाली म्हणाला. गाडीला अजून तास दीड तास होता.

आठवड्याने पत्र आले की मने जुळली नाहीत. तेवढ्यावर थांबते तर मी हे लिहायला बसलेच नसते. स्थळे मोडतात, घरे सावरतात.

पण बाबा त्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते. अंक आला की ओसरीवर चारजण जमत आणि बाबा मोठ्याने वाचत. त्या दिवशीही वाचू लागले. मथळा होता 'मुकी वधू', खाली लेखकाचे नाव 'एक अनुभवी'. रेल्वेजवळचे खेडे, तलाव, पाळ, शेळीसारखी मागून येणारी धाकटी बहीण. त्याने म्हणे दहा प्रश्न विचारले आणि मुलीने पायाच्या अंगठ्याकडे पाहण्यापलीकडे काही केले नाही. अशा मुक्या जनावरांशी सुशिक्षित तरुणांनी संसार तरी कसा करावा, असा त्याचा सवाल होता.

बाबा मध्येच थांबले. गावात पाळीवर फिरलेली मुलगी एकच होती, हे बसलेल्या चौघांनाही कळले होते. तरी त्यातला एकजण म्हणाला, "वाचा ना भाऊ, समोर काय झालं?"

आत ताईच्या हातातले पातेले खाली आदळले. "मुकी? मले मुकी म्हनते? म्या तं त्याले टेसनावर पळवला!"

आम्ही हसलो, मायसुद्धा. मग माय रडू लागली.

पाटावर बसवून मुलगी पाहण्याची चाल मलाही आवडत नाही. चालून दाखव, केस दाखव हे ऐकताना कान तापतात. पण त्या बैठकीत मुलाचा बाप असतो, काका असतो, गावचे चार लोक असतात. मुलीला नको म्हणायचे तर त्या सगळ्यांच्या तोंडावर म्हणावे लागते आणि कारण द्यावे लागते. या नव्या परिचयाला साक्षीदार नाही. मोकळेपणा दोघांचा म्हणायचा आणि तो मोडण्याची मुभा एकट्याची! तो फिरला आणि अनुभवी झाला. ती फिरली आणि गावात मान वर करायची चोरी झाली. ज्याला हीच सुधारणा वाटते त्याने आपली बहीण आधी पाळीवर पाठवावी.

आणि आमच्या बाजूचे म्हणवणारे? स्त्रीधर्माची पत्रके वाटत फिरणारे एक गृहस्थ बाबांना म्हणाले, "पोरीले फिरवलंच कायले?" वर्षभर ते आमच्या ओसरीवर स्त्रीची अब्रू राखण्यावर बोलत आले होते. राखायची वेळ आली तेव्हा त्यांना छत्री घेऊन घरी जायची घाई झाली. लिहिणाऱ्याला एका शब्दाने जाब विचारावा असे एकालाही वाटले नाही.

मी उत्तर लिहिले, खाली स्वतःचे नाव आणि गाव घालून. संपादकांनी ते परत पाठवले. वैयक्तिक वादाला अंकात जागा नाही म्हणे. मुलीची बेअब्रू सार्वजनिक आणि तिचे उत्तर वैयक्तिक! मग मी तेच पत्रक म्हणून गोंदियाला छापायचे ठरवले.

तेवढ्यात तिरोड्याकडचे एक स्थळ जवळजवळ ठरत आले. पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचे घर. सुपारीच्या आदल्या दिवशी मुलाचे वडील एकटेच बैलगाडीने आले. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला तो अंक काढला आणि बाबांपुढे ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते, पण कोणीतरी वाचून दाखवण्याची मेहरबानी केली होती.

"हे तुमच्या पोरीचं हाय का, भाऊ?"

बाबा अंकाकडे न पाहता म्हणाले, "गावं लय हायत... तलावबी लय हायत..." आयुष्यात खोटे न बोललेला माझा बाप खोटे बोलायला शिकत होता, आणि ते त्याला जमत नव्हते.

दारातून ताई आली. डोक्यावर पदर, नजर खाली, पण आवाज स्वच्छ. "मीच आहो ते, मामाजी."

म्हातारा वळला. "फिरली?"

"फिरली. तीन डाव. बाबानं सांगितलं म्हनून. लहानी मागं होती."

"अन् बाकीचं लिहिलेलं?"

"खोटं."

"कायच्यावरून?"

"तुमी इचारून राहिले, मी सांगून राहिली. त्यानं इचारलं तवा त्यालेबी असंच सांगितलं."

म्हाताऱ्याने पाणी मागितले, तिच्याच हातचे, आणि पिऊन झाल्यावर म्हणाला, "उद्या सुपारी फोडू. पन आयकलं की लहानी पत्रक काढून राहिली. माझ्या घरची सून आता छापून नोको याले. ते फाडाले लावा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी आतून कागद आणले आणि त्यांच्यासमोर फाडले. ताईचा संसार माझ्या हातात होता. दुसरे काय करणार होते मी? पण फाडताना एकच दिसत होते. खोटे लिहिणाऱ्याचा अंक दर आठवड्याला निघणार आणि खऱ्याचे तुकडे मायच्या चुलीत जाणार.

याला काही वर्षे झाली. ताई सासरी घर चालवते. तो माणूस अजून लिहितो, बहुतेक स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर. गेल्या दिवाळीला ताई माहेरी आली तेव्हा मीच तिला त्याचा नवा लेख वाचून दाखवला. ती वाती वळत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "तू लिहून टाक. मामाजीले मी सांगन."

तिने सांगितले. तिसऱ्या दिवशी म्हातारा जेवता जेवता म्हणाला, "लिहू दे. पन सूनबाईचं नाव नोको, अन् त्याचंबी नोको. त्याच्याबी घरी पोरीबारी असतीन."

पहिली अट मला पटते. दुसरी मी केवळ ताईखातर पाळते आहे.